‘बगॅस’ म्हणजे काय, आणि हा शब्द आला कुठून?



गाळप हंगामाच्या आधी बेसा येथे आपल्या ऊस उत्पादकांची गटबैठक झाली. देवळाच्या सभामंडपात पंचवीस-तीस मंडळी जमली होती. बेशाच्या शिवारात आता उसाच्या फडांपेक्षा लेआऊटचे दगड जास्त दिसतात, तरी जे शेती टिकवून आहेत ते हिशेबाला पक्के आहेत. अहवाल वाचून झाला, चहा आला, आणि मागच्या रांगेतले एक वृद्ध सभासद उठून म्हणाले, “काहो साहेब, तुमी दर साली त्या कागदावर बगॅस बगॅस लिहिता, ते हाये तरी काय? आमच्या घरी त्याले चिपाड म्हणत. आमचं चिपाड तुमच्या दारात गेलं का त्याचं बगॅस होते, अन् मंग त्याचा हिशेब आमाले कायले समजत नाही?”

सभा हसली. आम्हीही हसलो. वेळेअभावी दोन वाक्यांत उत्तर दिले आणि बैठक उरकली. पण घरी येताना ते बोल मनातून जाईनात. प्रश्न साधा नव्हता. त्यात एक प्रश्न शब्दाचा होता आणि दुसरा पैशाचा, आणि म्हातारबुवांनी दोन्ही एकाच दोरीत बांधले होते. त्या दिवशी जे नीट सांगता आले नाही ते आज या पानांतून सांगत आहोत.

चिपाड आणि बगॅस : एकच की वेगळे?

मूळ वस्तू एकच. उसातला रस पिळून काढल्यावर जो चोथा उरतो ते चिपाड. गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगायला नको. चरकातून चिपाड बाहेर पडले की ते उन्हात पसरायचे, दोन-चार दिवस वाळवायचे, आणि मग जळव्याने ते चुलवाणात सारायचे. वरच्या काहिलीत रस आटतो तो या चिपाडाच्या जाळावर. म्हणजे उसाचाच रस, उसाचेच सरपण. गुळव्याला बाहेरून लाकूडफाटा फार लागत नाही.

कारखान्यातही हेच चालते, पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली म्हणजे पिळण्याची. साध्या तीन लाटांच्या चरकात शंभर किलो उसातून साठ-पासष्ट किलो रस निघतो, बाकीचा चिपाडातच राहतो. कारखान्यात आधी उसाचा चुरा करतात, तो एकापाठोपाठ चार-पाच मिल्समधून पिळतात, आणि शेवटच्या मिलच्या आधी वरून गरम पाणी मारून उरलासुरला गोडवा धुऊन घेतात. त्यामुळे उसातल्या साखरेपैकी पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास साखर रसात उतरते. दुसरी गोष्ट वाळवण्याची. कारखान्यात चिपाड वाळवायला सवड नसते. शेवटच्या मिलमधून निघालेला चोथा पट्ट्यावरून तसाच बॉयलरकडे जातो. त्यात जवळजवळ निम्मे पाणी असते, पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस टक्के धागा असतो आणि दोन टक्क्यांच्या आसपास साखर राहून जाते. या ओल्या, बारीक, गिरणीतून निघालेल्या चोथ्याला साखरधंद्यात ‘बगॅस’ म्हणतात.

तेव्हा म्हातारबुवांचे म्हणणे खरेच आहे. चिपाडच ते. फक्त त्याला कारखान्याच्या फाटकातून आत गेल्यावर दुसरे नाव मिळाले. आता हे दुसरे नाव कुठले ते पाहू.

द्राक्षाच्या चोथ्यापासून उसाच्या चोथ्यापर्यंत

बगॅस हा शब्द आपण इंग्रजी समजतो, कारण यंत्रांची पुस्तके आणि अहवाल इंग्रजीतून आले. पण इंग्रजांचाही तो मूळचा नव्हे. त्यांनी तो फ्रेंचांकडून घेतला आणि एकोणिसाव्या शतकात तो इंग्रजीत रुळला. फ्रेंचांनी तो स्पॅनिश लोकांकडून घेतला. स्पॅनिश भाषेत ‘बागासो’ म्हणजे पिळून उरलेला चोथा, मग तो द्राक्षाचा असो की ऑलिव्हचा. त्याच्याही मागे गेले तर लॅटिन भाषेतला ‘बाका’ हा शब्द सापडतो. त्याचा अर्थ बोरासारखे लहान रसाळ फळ. म्हणजे फळाचे नाव आधी फळाच्या सालपटाला लागले, मग पिळून उरलेल्या गाळाला, आणि शेवटी उसाच्या चिपाडाला. आपल्याकडे ‘चोथा’ हा शब्द जसा नारळाच्या किसालाही चालतो आणि उसालाही, तसेच हे झाले.

द्राक्षाचा शब्द उसाला का लागला, हे समजायला समुद्रापलीकडे जावे लागते. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ऊस कॅरिबियन बेटांवर नेला. पुढच्या दोनशे वर्षांत स्पॅनिश, पोर्तुगीज, इंग्रज, डच आणि फ्रेंच अशा सगळ्यांनी तिथे उसाचे मळे उभे केले. स्पॅनिश लोकांच्या गावी द्राक्षे आणि ऑलिव्ह होती. त्यामुळे नव्या चोथ्याला त्यांनी घरचेच जुने नाव दिले. फ्रेंचांच्या ताब्यातले सेंट डोमिंग, म्हणजे आजचा हैती देश, अठराव्या शतकाच्या शेवटी जगातली सर्वांत मोठी साखर वसाहत झाले होते. तिथल्या मळ्यांवर हा शब्द रोजच्या कामाचा होता. इंग्रजांच्या बेटांवर त्याचेच ‘मेगॅस’ असे एक रूप चालत असे.

ही साखर कशी तयार होत होती, हेही सभासदांना माहीत असावे. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून ऊस तोडून, वाहून, रात्रंदिवस पिळून घेत. लाटांत ऊस सारताना झोपेने डोळा लागला आणि हात आत गेला, तर तो तोडायला कुऱ्हाड लाटांजवळच ठेवलेली असे. १७९१ साली सेंट डोमिंगच्या गुलामांनी बंड केले, उसाचे मळे पेटवले, आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. आज आपण हंगामाच्या अहवालात ‘बगॅस टक्के’ असा रकाना वाचतो, तेव्हा त्या शब्दामागे इतके दिवस आणि इतके हात आहेत.

चिपाडाला सरपणाचा मानही तिथेच मिळाला. बेटांवरची जंगले साखरेच्या भट्ट्यांनी खाऊन टाकली. बार्बाडोस बेटावर तर सतराव्या शतकातच लाकडाचा दुष्काळ पडला. मग चिपाड वाळवून भट्टीत घालण्यावाचून इलाज राहिला नाही. आपल्या गुळव्याला जे पहिल्यापासून ठाऊक होते ते त्यांना झाडे संपल्यावर कळले.

मराठी माणसाने हा शब्द आधीच ऐकला होता

आपल्याकडे सहकारी साखर कारखानदारी सुरू झाली ती प्रवरेच्या काठी. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणीजवळ शेतकऱ्यांचा पहिला यशस्वी सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याने गाळप केले. त्याआधी खाजगी कारखाने होते. या कारखान्यांबरोबर बगॅस हा शब्द महाराष्ट्रात आला, असेच आम्हीही समजत होतो. पण मराठी शेतमजुराने हा शब्द त्याच्या शंभर वर्षे आधी ऐकला होता, आणि तोही इंग्रजाच्या नव्हे, फ्रेंचाच्या तोंडून.

ते ठिकाण म्हणजे मॉरिशस. हे बेट १८१० पर्यंत फ्रेंचांच्या ताब्यात होते. पुढे इंग्रजांनी जिंकले, पण मळेवाले फ्रेंच राहिले आणि त्यांची भाषाही राहिली. १८३५ साली तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले जाऊ लागले. त्यांना गिरमिटिया म्हणत. त्यात मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले आणि आसपासच्या जिल्ह्यांतले मराठी लोकही होते. पोर्ट लुईच्या धक्क्यावर जिथे ही माणसे उतरत, त्या अप्रवासी घाटाला २००६ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. मॉरिशसमधले मराठी लोक आजही गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते.

या लोकांनी फडात ऊस तोडला, गाड्या भरल्या, गिरणीत काम केले. तिथल्या क्रिओल बोलीत चिपाडाला ‘बगास’ म्हणतात. म्हणजे घरी चिपाड म्हणणारा मराठी माणूस मालकाच्या गिरणीत बगास म्हणू लागला. बेशाच्या म्हातारबुवांचे वाक्य तिथे अक्षरशः लागू पडते. फरक एवढाच की तिथे गिरणी मालकाची होती, इथे ती सभासदांची आहे. म्हणून तिथल्या मजुराला हिशेब मागता येत नव्हता, आणि आपल्या सभासदाला तो मागता येतो.

मॉरिशसकडून आणखी एक गोष्ट घेण्याजोगी आहे. बगॅस जाळून वीज तयार करून ती सरकारी तारेत सोडण्याचे काम तिथे १९५७ सालापासून सुरू आहे. त्या बेटावर कोळसा नाही, तेल नाही. चिपाडाला त्यांनी इंधन म्हणून हिशेबात धरले.

उलट दिशेने गेलेले शब्द

कोणी म्हणेल, ऊस आपला आणि शब्द मात्र परक्यांचे, हे कसे? तर तसे नाही. या धंद्यातला सगळ्यात मोठा शब्द आपणच जगाला दिला आहे. संस्कृतात ‘शर्करा’ म्हणजे खडे, वाळूसारखे कण. गूळ आटवून कण पाडायची विद्या आपल्याकडे निघाली, तेव्हा त्या कणांना तेच नाव पडले. इराणात त्याचे ‘शकर’ झाले, अरबांनी ‘सुक्कर’ म्हटले, इटलीत ‘झुक्केरो’ झाले, फ्रेंचांनी ‘स्युक्र’ केले आणि फ्रेंचांकडून इंग्रजांनी ‘शुगर’ उचलले. म्हणजे शुगर हाही इंग्रजीने फ्रेंचाकडून घेतलेला शब्द, पण त्याचे मूळ घर आपल्याच अंगणात आहे. मराठीत तोच शब्द सरळ वाटेने आला आणि ‘साखर’ झाला.

‘कॅन्डी’चेही तसेच. संस्कृत ‘खंड’ म्हणजे तुकडा, त्यावरून खांड. इराणी-अरबीत ‘कंद’, फ्रेंचात ‘स्युक्र कांदी’ आणि इंग्रजीत कॅन्डी. आपल्या मुलांना दुकानातून आणून देतो ती कॅन्डी म्हणजे आपलीच खडीसाखर, जग फिरून आलेली. आणि नागपूरकरांना तर आणखी एक उदाहरण हाताशी आहे. ‘ऑरेंज’ हा शब्दही इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांकडे तो अरबांमार्फत गेला, आणि त्याच्या मुळाशी आपले ‘नारंग’ आहे. ऊस असो की संत्रा, माल गेला तसा शब्दही गेला.

काट्याच्या पावतीवर

आता आपल्या खिशातली काट्याची पावती काढून पाहा. तिच्यावर टन आणि क्विंटल लिहिलेले असते, आणि ऊस नोंदीच्या कागदावर हेक्टर. ‘क्विंटल’ इंग्रजीत आला तो फ्रेंचांकडून, फ्रेंचांकडे गेला अरबांच्या ‘किंतार’ वरून, आणि अरबांनी घेतला तो लॅटिनमधल्या शंभर या अर्थाच्या शब्दावरून. ‘हेक्टर’ आणि ‘किलो’ हे तर फ्रेंचांनी १७९५ साली दशमान पद्धत कायद्याने आणली तेव्हा घडवलेले शब्द. आपल्या देशात १९५६ चा वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून नवी वजने चालू झाली. त्याआधी शेर, मण आणि खंडी होत्या, आणि एका बाजारचा मण दुसऱ्या बाजारच्या मणाला जुळत नसे. दशमान वजनांनी मापातली ती लबाडी बरीच कमी केली. परका शब्द आला म्हणजे नुकसानच होते असे नाही. त्याचा अर्थ पक्का ठरलेला असला आणि तो दोन्ही बाजूंना ठाऊक असला म्हणजे झाले.

शिजवलेला गोळा आणि वाफेची काटकसर

कारखाना पाहायला आलेल्या सभासदांना पॅनवर उभे राहिले की आणखी एक अवघड शब्द ऐकू येतो, ‘मॅसेक्विट’. हाही फ्रेंच. ‘मास’ म्हणजे गोळा आणि ‘क्वीत’ म्हणजे शिजवलेला. पाक पॅनमध्ये आटून साखरेचे दाणे आणि मळी यांचा जो दाट गोळा होतो, तो मॅसेक्विट. मग फिरत्या जाळीच्या यंत्रात त्यातली मळी वेगळी होते आणि साखर मागे राहते. गुऱ्हाळात काहिलीतला पाक घोटायला आला की गुळव्या जे ओळखतो, तेच इथे पॅनवाला ओळखतो.

रस आटवायला पूर्वी अफाट जळण लागे, कारण प्रत्येक कढईखाली वेगळा जाळ. ही नासाडी थांबवणारा माणूस म्हणजे नॉर्बर्ट रिलिओ. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स येथे जन्मलेला, गुलामगिरीच्या काळातला एक स्वतंत्र कृष्णवर्णीय, पॅरिसला शिकलेला. त्याने १८४३ साली पेटंट घेतलेल्या युक्तीत पहिल्या भांड्यातल्या रसाची जी वाफ होते, तीच दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी साखळी असते. पुढच्या भांड्यांत हवेचा दाब कमी ठेवला की रस कमी उष्णतेवर उकळतो. एक किलो वाफेत एका भांड्यात साधारण एक किलो पाणी उडते, तर चार भांड्यांच्या साखळीत चार किलोंच्या आसपास. आपल्या कारखान्यातली उंच भांड्यांची रांग ती हीच. ही युक्ती नसती तर सगळे बगॅस जाळूनही पुरले नसते, विकायची गोष्टच सोडा.

हिशेब कसा बसतो

आता पैशाच्या प्रश्नाकडे येऊ. शंभर टन उसातून साधारण दहा-अकरा टन साखर, चार-साडेचार टन मळी, तीन-चार टन प्रेसमड आणि २८ ते ३० टन बगॅस निघते. म्हणजे वजनाने पाहिले तर साखरेच्या अडीच-तीन पट बगॅस असते.

एक टन बगॅस बॉयलरमध्ये जाळले की साधारण दोन-सव्वादोन टन वाफ होते. उदाहरण घेऊ. शंभर टन उसाचे २८ टन बगॅस, त्याची वाफ ६० टनांच्या वर. कारखाना चालवायला शंभर टन उसामागे ५० टन वाफ लागत असेल, तर पाच टनांच्या आसपास बगॅस वाचते. यंत्रे नीट राखून तीच गरज ४० टनांवर आणली, तर बचत नऊ-दहा टनांवर जाते. जिथे गिरणी वरचेवर बंद पडते तिथे उलट होते. बॉयलर पेटता ठेवावा लागतो, ऊस येत नाही, आणि वाचलेले बगॅस बंद काळातच जळून जाते. म्हणून ‘गिरणी चार तास बंद होती’ ही बातमी ज्याचा ऊस फडात वाळतो त्याच्यापुरती राहत नाही, ती सगळ्यांच्या बचतीची आहे.

दुसरा हिशेब बगॅसमध्ये राहून गेलेल्या साखरेचा. प्रयोगशाळा तिला ‘पोल’ म्हणते. समजा एका कारखान्याने हंगामात तीन लाख टन ऊस गाळला आणि बगॅस २८ टक्के निघाले, तर ते ८४ हजार टन होते. त्यात पोल दोन टक्के असेल, तर १,६८० टन साखर बॉयलरमध्ये जळाली. तेच पोल १.८ टक्क्यांवर आणले, तर १६८ टन साखर वाचते. पोत्यांचा हिशेब केला तर पन्नास किलोची तीन हजार तीनशे साठ पोती. एवढी साखर कोणी चोरली असती तर सभेत केवढा गोंधळ झाला असता! बगॅसमधून जाते म्हणून कोणी बोलत नाही.

यात सभासदाचा हातही आहे, हे आम्ही स्पष्टच सांगतो. उसाबरोबर पाचट, वाढे आणि माती आली की चोथा वाढतो, मिलची ताकद त्यात जाते आणि रस कमी निघतो. माती बॉयलरच्या नळ्याही झिजवते. मोळी स्वच्छ बांधली, तोडल्यावर ऊस लवकर काट्यावर आला, तर बगॅसमधली साखरही कमी होते आणि उताराही सुधारतो. मुकादमाला हे सांगायचे काम ज्याचा फड त्याचे.

कायद्यात बगॅस

केंद्र सरकारच्या १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात उसाचा दर ठरवताना कोणत्या गोष्टी धरायच्या ते दिलेले आहे. २००८ साली त्यात दुरुस्ती झाली आणि मळी, बगॅस व प्रेसमड यांच्या विक्रीतून येणारे उत्पन्न ‘किंवा त्यांची मानीव किंमत’ हा मुद्दा घातला गेला. ‘मानीव किंमत’ हे शब्द नीट वाचावेत. बगॅस बाहेर विकले नाही, घरच्याच बॉयलरमध्ये जाळले, तरी ते फुकट नाही, त्याला किंमत आहे, असा त्याचा अर्थ. २००९ पासून किमान वैधानिक दराच्या जागी एफआरपी आली. २०२५-२६ च्या हंगामासाठी ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे अशी ठरली.

२०१२ साली रंगराजन समितीने आणखी पुढचे सांगितले. साखर आणि मुख्य उपपदार्थ यांच्या मिळून उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाचा, आणि फक्त साखरेचेच उत्पन्न धरायचे तर ७५ टक्के. याच धर्तीवर महाराष्ट्रात २०१३ साली ऊसदराचा कायदा झाला. इथेच शब्दाचा अर्थ पैशाचा होतो. बगॅस हे बगॅस म्हणून किती दराने मोजायचे? ते जाळून झालेली वीज विकली तर तिचा नफा ऊसवाल्याच्या वाट्यात धरायचा की नाही? कारखाने म्हणतात, विजेसाठी बॉयलर-टर्बाइनला कर्ज काढले, जोखीम आमची. शेतकरी संघटना म्हणतात, चिपाड आमचे. दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. पण बगॅस कुठे संपते आणि वीज कुठे सुरू होते हे ज्याला कळले नाही, त्याला या वादात बोलता येणार नाही.

सभेत काय विचारावे

म्हातारबुवांच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे. वार्षिक अहवाल हातात आला की पुढील गोष्टी पाहाव्यात आणि न दिसल्यास निःसंकोच विचाराव्यात.

१) उसाच्या प्रमाणात बगॅस किती टक्के निघाले?
२) बगॅसमध्ये ओलावा किती आणि पोल किती? गेल्या तीन हंगामांत ते वाढले की घटले?
३) शंभर टन उसामागे वाफ किती लागली?
४) बगॅस किती वाचले, किती विकले, कोणत्या दराने विकले? निविदा काढल्या होत्या काय?
५) हंगामाच्या शेवटी शिल्लक किती, आणि पावसात भिजून किती वाया गेले?
६) वीज विकली असल्यास युनिट किती आणि त्यासाठी बगॅस किती जळाले?

हे सहा आकडे एका पानावर मावतात. आमचे स्वतःचे मत असे की ते अहवालाच्या शेवटच्या परिशिष्टात न घालता साखर उताऱ्याच्या शेजारीच छापावेत, आणि ‘बगॅस’ या शब्दापुढे ‘चिपाड’ असे मराठी नाव द्यावे. चूक कारखान्याची असेल तर ती त्यात दिसेल, आणि सभासदांच्या पाचटाची असेल तर तीही दिसेल.

उपयोग आणि सावधगिरी

बगॅसचे उपयोग आता जाळण्यापुरते राहिलेले नाहीत. तामिळनाडूत १९७९ साली स्थापन झालेल्या सरकारी कागद कारखान्यात १९८४ पासून बगॅसचा कागद होतो, वर्तमानपत्राचासुद्धा झालेला आहे. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-चमच्यांवर देशात बंदी आली, आणि लग्नाकार्यात उसाच्या चोथ्याच्या पांढऱ्या ताटल्या दिसू लागल्या. गिऱ्हाईक वाढले म्हणजे दराची घासाघीस करायला वाव आहे.

परंतु दोन गोष्टींची काळजी घ्यावी. बगॅसचा ढीग आतून तापतो आणि उन्हाळ्यात ठिणगी पडली तर आग विझवणे कठीण जाते. ढिगाजवळ विडी ओढू नये, मुलांना खेळू देऊ नये. दुसरे म्हणजे साठवून बुरसलेल्या बगॅसची धूळ. ती छातीत गेली की ताप, खोकला आणि धाप असा फुफ्फुसाचा आजार होतो. डॉक्टर त्याला ‘बगॅसोसिस’ म्हणतात. म्हणजे शब्द कारखान्यातून दवाखान्यापर्यंत पोचला! ढीग हलवणाऱ्या मजुरांनी नाकातोंडाला चांगला मास्क लावावा, ढिगावर पाणी शिंपडून काम करावे, आणि डॉक्टरांकडे गेल्यास आपण बगॅसवर काम करतो हे आवर्जून सांगावे.

शेवटी

हे टिपण घेऊन आम्ही पुन्हा बेशाला गेलो होतो. म्हातारबुवांना सगळी कथा सांगितली. द्राक्षे, हैती, मॉरिशस, रिलिओ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “म्हंजे चिपाड आमचंच, नाव तेवढं दुसऱ्याचं.” मग थोडे थांबून, “नावाचं काही नाही जी. ते कोणतंही राहू द्या. पण त्या सहा आकड्यायचा कागद या सालच्या सभेत आमच्या हाती आला पाहिजे.”

त्यांची मागणी आम्ही जशीच्या तशी संचालक मंडळाकडे लेखी दिली आहे. सभेला येताना सभासद बंधू-भगिनींनी हे पान सोबत आणावे.

जय सहकार!